पोचलेलं औषध

"औषध पोचत होतं," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आवाज साधाच होता, पाऊसपाण्याचं बोलावं तसा. दीपिकाची लेक सोनू मांडीवर बसून टेबलावरची रबरी हातोडी दोन्ही हातांनी ओढत होती, ती सोडवायला दीपिका वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. बाहेर स्टेशन रोडवर काळीपिवळीवाला वसमत, वसमत म्हणून ओरडत होता. म्हणजे काय, असं दीपिकानं विचारलं तेव्हा तिचा स्वतःचाच आवाज तिला खालून, टेबलाखालून आल्यासारखा वाटला.

"म्हणजे तुम्ही दिलंत. आणि दिलेलं सगळं पोचलं."

या मॅडम परभणीत नव्या होत्या. आजवरच्या डॉक्टरांनी सोनूचे पाय आधी बघितले होते. गुडघ्यात बाहेर वाकलेले, धनुष्यासारखे पाय बघितले की मुडदूस म्हणायचं, ड जीवनसत्त्व लिहायचं आणि पुढच्या वेळी रागवायचं. या मॅडमनी पहिल्याच भेटीत सोनूची टोपी काढली होती. डोक्यावरून हात फिरवला होता, भुवयांवरून फिरवला होता. त्यानंतर तिघांचं रक्त हैदराबादला गेलं, सोनूचं, दीपिकाचं आणि तिच्या नवऱ्याचं, मल्हारचं. आज त्याचा निकाल आला होता आणि मल्हार नेमका जिंतूरला, जिनिंगमध्ये कामावर होता.

मॅडम समजावून सांगू लागल्या. दीपिकानं बीएस्सी केलंय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या फार सोपं करत नव्हत्या. सोनूच्या रक्तात ते जीवनसत्त्व कमी नाही, उलट साठून साठून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त झालंय. ते पेशीत जातं. तिथं त्याला धरणारं एक प्रथिन असतं, तेही त्याला धरतं. "इथपर्यंत सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण पुढं त्या प्रथिनानं डीएनएवरच्या काही ठरलेल्या जागा धरायच्या असतात. त्या धरल्या की हुकूम सुटतो, आतड्यानं कॅल्शियम आत घ्यायचं. हिच्या प्रथिनाचं बोटच वाकडं आहे. जागा समोर असते, पकड बसत नाही." केसांच्या मुळांनाही तेच प्रथिन लागतं, म्हणून केसही नाहीत. जनुकाचं नाव तीन अक्षरी, व्हीडीआर. त्यात एक अक्षर बदललेलं. बदललेली एक प्रत आईकडून आलेली, एक बापाकडून. एकेकट्या प्रतीनं काही होत नाही, म्हणून तुम्हा दोघांना काही नाही.

"तुमचं नातं आहे का आपसात?"

"मी मामाची मुलगी," दीपिका म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. उपाय आहे म्हणाल्या. आतडं कॅल्शियम घेत नसेल तर आतड्याला वगळायचं, थेट शिरेतून द्यायचं, पुष्कळ महिने. हाडं भरतात. केस मात्र येतील असं त्यांनी सांगितलं नाही. आणि दीपिका उठता उठता, जणू आठवलं म्हणून, त्या म्हणाल्या, घरात आणखी कुणाचं नात्यातच ठरत असेल तर आधी दोघांचं रक्त तपासून घ्या.

रिक्षात बसल्यावर सोनू झोपली. ती झोपताना पाय जवळ घ्यायची नाही, दुखायचं तिला, दोन्ही पाय सरळ सोडून द्यायची. दीपिकाला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, किंवा सुटल्यासारखं वाटेल, पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की कॉलेजात आपण हे काढलं होतं. जर्नलच्या पानावर डीएनएची शिडी, शिडीच्या दोन पायऱ्या हिरव्या स्केचपेननं रंगवलेल्या, आणि बाजूला नीटस अक्षरात लिहिलेलं, रिस्पॉन्स एलिमेंट, मॅडम म्हणाल्या त्याच ठरलेल्या जागा. प्राध्यापकांनी शेरा दिला होता, आकृती छान. हिरवा रंग का निवडला होता कोण जाणे. ती रंगवत असताना, पानावर मान घालून बसलेली असताना, ती चूक तिच्या अंगात, प्रत्येक पेशीत, निवांत बसलेली होती. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि तिनं बरोबर उत्तर लिहिलं होतं. मग लग्न झालं. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, त्यात विचारायचं काय होतं? मल्हार लहानपणापासून सुट्टीत यायचा, मेंढरांमागं तिच्याबरोबर फिरायचा, त्याची आई भिवराबाई तिची सख्खी आत्या. आत्याच्या घरात सून म्हणून जायचं म्हणजे परकं घर नाही. सगळे असंच म्हणाले होते. सासूला ती अजूनही आत्याच म्हणायची.

तीन वर्षं. दुधात विरघळणारी ती पांढरी पूड, दर आठवड्याला एक पुडी. सकाळच्या उन्हात उघडं अंग करून बसवणं. मग पुड्या थांबवून इंजेक्शनं, मग पुन्हा पुड्या. आणि दर वेळी टेबलापलीकडून तोच प्रश्न, औषध नीट देता ना? बाई, एवढ्या डोसनं हाडं दगडाची झाली असती. एका डॉक्टरांनी तर मल्हारकडे बघून विचारलं होतं, तिच्याकडे बघितलंच नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर आत्यानं पुड्यांची पिशवी स्वतःच्या पेटीत ठेवली. आता मी देते म्हणाली. दिलं तिनं, नेमानं दिलं, तरी पाय वाकतच राहिले, आणि तरी घरातली ती कुजबुज गेली नाही; उलट आत्या सकाळी देते ते दीपिका दुपारी सोनूला ओकायला लावते की काय, इथपर्यंत तिची मजल गेली. मल्हार बोलला कधीच नाही. त्याआधी, पुड्या अजून दीपिकाच्याच हातात असताना, एकदा मात्र ती नळावरून लवकर परतली तेव्हा तो कचऱ्याच्या डब्यावर ओणवा होऊन काहीतरी उकरत होता. तिला बघून हात झटकले आणि म्हणाला, चावी पडली वाटतं. चावी त्याच्या खिशातून अर्धी बाहेर आलेली दिसत होती. तो रिकाम्या पुड्या शोधत होता हे तिला कळलं, आणि आपल्याला कळलं हे त्याला कळलं. त्यावर दोघं कधी बोलली नाहीत. पण त्यानंतर तिला एक सवय लागली. पुडी दुधात टाकली की बोट बुडवून ती चाखून बघायची. मी खरंच टाकली ना? मला टाकल्याचा भास तर झाला नाही? संशय हा असा असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून बघून तो आपल्या डोळ्यांत उतरतो. एकेकदा तिला वाटे, आपणच देत नसू. आपल्याच हातांना काहीतरी झालं असेल.

आणि केस. जन्मली तेव्हा सोनूच्या डोक्यावर दाट जावळ होतं. आत्यानं पोखर्णीच्या नृसिंहाला बोलून ठेवलं होतं, पहिलं जावळ तुझ्या दारात. वर्षाच्या आत न्यायचं ठरलं होतं, पण तिसऱ्या महिन्यातच केस उशीवर दिसू लागले. आधी थोडे, मग पुंजक्यांनी. आत्या ते उशीवरून वेचायची आणि एका फडक्यात बांधून ठेवायची. तेव्हा ती किती गप्प झाली होती, हे दीपिकाला आता आठवलं. नातीचे केस जातात म्हणून गप्प बसलेल्या बाईचं ते गप्प बसणं नव्हतं. काहीतरी ओळखीचं दारात उभं राहिलेलं बघितल्यासारखं होतं. पण तेव्हा दीपिकाला स्वतःच्याच भीतीतून वर बघायला सवड नव्हती.

संध्याकाळी मल्हार आला, हातपाय धुतले, चहा घेतला, तोवर ती काही बोलली नाही. मग आत्या बाहेर शेळीला पाला घालायला गेलेली बघून तिनं सगळं सांगितलं. प्रथिन, बोट, जागा, दोघांची एकेक प्रत. त्याला त्यातलं किती समजलं तिला कळेना. तो कपाच्या तळाकडे बघत होता.

"म्हणजे औषध जात व्हतं," तो शेवटी म्हणाला.

"जात होतं."

माफी त्यानं मागितली नाही, तिनंही वाट बघितली नाही. त्यानं उठून कप धुतला. या घरात त्यानं कप धुतल्याचं तिला आठवत नव्हतं. मग पालथा घालून ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा धुतला. दुसऱ्या दिवसापासून तो सुट्टी काढणार होता, शिरेत नळी घालायला संभाजीनगरला जायचं होतं त्याची तजवीज करणार होता, हे त्यानं पाठमोऱ्यानंच सांगितलं. गोपाळ आणि पिंकीच्या ठरत आलेल्या लग्नाचं मात्र त्यानं नावही काढलं नाही. त्या दोघांचं रक्त तपासायचं तिनं सांगितलं होतं, त्यानं ऐकलं होतं, आणि जिथं ठेवलं तिथंच ते राहिलं, दोघांच्या मधोमध.

गोपाळ मल्हारचा धाकटा भाऊ आणि पिंकी दीपिकाची धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात, यासारखं सुख नाही, असं म्हणत आत्यानंच हे जमवलं होतं. पण खरं म्हणजे जमवायला काही उरलंच नव्हतं, ती दोघं वर्षभर फोनवर बोलत होती. सुपारी पुढच्याच रविवारी, देवगाव फाट्याजवळच्या गावी, दीपिकाच्या माहेरी. त्या आठवड्यात पिंकीचा रोज फोन यायचा. साडी मोरपंखी घ्यावी का डाळिंबी? दीपिका म्हणायची डाळिंबी. आणि फोन ठेवायची. सांगायला पाहिजे होतं. सांगायला तोंड उघडलं की त्यातून निघणारं वाक्य तिला आधीच ऐकू यायचं, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात उठेल ते त्याहून स्पष्ट. हिचं लेकरू असं निघालं म्हणून आता बहिणीचं मोडायला निघाली. आणि त्यात खोटं कितीसं होतं? आपल्या आत कुठं तरी असं वाटत नाही ना, की एकटी मीच का? तिनं ते उलटून पालटून बघितलं. तसं काही सापडलं नाही, पण नाहीच अशीही खात्री पटेना. पुडी चाखून बघायची सवय आता मनाला लागली होती.

पण या सगळ्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते तिला एका दुपारी कळलं. सोनू दारात बसून शेळीच्या पिल्लाला चिंचेचा पाला भरवत होती. पाला एकेक पान करून द्यायची आणि प्रत्येक पानाला त्याला दटावायची, हळू खा, घशात अडकंल. तिचं उघडं डोकं उन्हात चकाकत होतं. दीपिकाच्या मनात आलं, आमचंही रक्त कुणी आधी तपासलं असतं तर ही नसती. पाय वाकलेत ते वाकले नसते, केस गेले ते गेले नसते, असं नाही. हीच नसती. ही दटावणारी. म्हणजे पिंकीला आपण जे सांगायला निघालो आहोत ते नेमकं काय आहे? तिला वाटलं सोनूनं मागं वळून बघितलं तर आपल्या चेहऱ्यावर ते लिहिलेलं दिसेल. ती घाईनं घरात गेली.

शनिवारी सकाळी आत्या शेळीची धार काढत होती. दीपिका तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. मल्हारनं आईला उपचाराचं सांगितलं होतं, बाकी काही सांगितलं नव्हतं. दीपिकानं सरळ सांगितलं. औषध पोचत होतं इथून सुरुवात केली, आणि दोन्हीकडून आलेल्या एकेका प्रतीपर्यंत आली, आणि मग गोपाळ आणि पिंकीपर्यंत. आत्याचे हात चालू होते. भांड्यातली धारेची चिरचिर एका लयीत येत होती. ती मध्येच थांबली.

"मपली एक भन व्हती," आत्या म्हणाली. "गोदा."

दीपिकाला तिच्या वडलांनी, मुंजाजीनं, बहीण म्हणून फक्त भिवराबाईच सांगितली होती.

"तुझ्या बापाला म्हाईत न्हाई. त्यो रांगत व्हता. तिच्या डोस्क्याला केस न्हवते. मेंढरं घिऊन हिंडायचो आमी, तर माय तिला घोड्यावर कोकरांच्या संगं बांधायची. पाय धरलेच न्हाईत तिनं, तशीच गेली. लोक मायीला म्हणायचे, तू पोटुशी असून गिराणात बाहीर निघालीस. माय म्हणायची, म्या न्हाई निघाले. मग पुढं पुढं म्हणायची, निघाले असंन." शेळीनं पाय झाडला. आत्यानं भांडं बाजूला सरकवलं. "सोनीचे केस उशीवर दिसले तवाच मला गोदी दिसली. म्या म्हणलं, न्हाई. ह्ये ते न्हाई. ही पोरगी औषिद देत नसंल. तसं असंल तर बरं, बाई. तसं असंल तर दिलं की लेकरू नीट हुईल."

तीन वर्षं जो संशय दीपिकाच्या अंगावर पडला होता तो या बाईची आशा होती, हे तिला इतकं उघड दिसलं की तिच्यावर रागावायचं कसं हेच सुचेना. राग होता, पण त्याला धरायला काही हाताला येत नव्हतं. आत्याच्या हातावर दुधाचा फेस वाळत होता. आत्यानं पदरानं डोळे पुसले नाहीत, हात पुसले.

"उद्या तू बोलू नको," ती म्हणाली. "तुला बोल लागंल. ह्ये मपल्या मायबापाच्या घरचं हाय, मी सांगते."

आणि तिनं सांगितलं. रविवारी माहेरच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, पिंकीनं डाळिंबी साडी नेसली होती, आणि आत्यानं भावाला गोठ्यामागं नेऊन गोदाचं सांगितलं. मुंजाजी परत आला तेव्हा त्याचं तोंड म्हातारं झालं होतं. एवढ्या वयात त्याला एक बहीण नव्यानं मिळाली होती आणि तेवढ्यातच गेली होती. सुपारी फुटली नाही. आलेल्यांना जेवायला वाढलं. लोकांनी जेवता जेवता दीपिकाकडे बघितलं ते बघितलंच, पण आत्या तिच्या शेजारी पान घेऊन बसली होती, आणि कुणी काही विचारलं की आत्याच उत्तर द्यायची, तपासायचं ठरलंय, मी ठरवलंय. निघताना दीपिकानं पिंकीचा हात धरला तर तो थंड लागला आणि तिनं तो काढून घेतला.

सोनूच्या छातीतल्या मोठ्या शिरेत नळी संभाजीनगरला घातली, आणि पुढचे महिने परभणीच्या वॉर्डात गेले. बाटली लटकायची, थेंब पडायचे, दीपिका बसायची. मधल्या काळात हैदराबादहून गोपाळ आणि पिंकीचा निकाल आला. एकेक प्रत दोघांकडेही होती. डॉक्टर मॅडमनी दोघांना समोर बसवून सांगितलं, मनाई कुणाचीच नाही. दर वेळी चारातली एक शक्यता, पोटात असताना तपासता येतं, ठरवायचं तुम्ही. गोपाळ म्हणाला, पिंकी म्हणेल ते. पिंकी गावी गेली आणि कितीतरी दिवस तिनं काहीच कळवलं नाही. मग तिनं नाही म्हणून सांगितलं. गोपाळ पुण्याला कामाला निघून गेला. दीपिकाला ही खबर आत्यानं आणली. पिल्लाला पाला भरवणारं ते दुपारचं बोडकं डोकं दीपिकाच्या मनात पुन्हा आलं, आणि ती सोनूकडे बघू शकली नाही.

सोनूचं दुखणं आधी कमी झालं. ती झोपेत कूस बदलू लागली. मग एका सकाळी मॅडमनी मनगटाचा एक्सरे खिडकीशी धरून दाखवला, हाडाच्या टोकाला जिथं नुसतं धुकं होतं तिथं पांढरी रेघ आली होती. मॅडमना इतका आनंद झाला होता की त्यांनी तो शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही दाखवला. त्याच आठवड्यात पिंकी आली. हातात कपड्यांची पिशवी. म्हणाली, तू घरी जाऊन झोप दोन दिवस, मी बसते. ती सोनूच्या खाटेवर चढून बसली आणि दोघी कागदाची पाखरं करू लागल्या. दीपिका घरी गेली नाही. ती डबा घास, बाटली विसळ, चादर झटक असं करत राहिली.

"ताई, तू मला तोंड चुकवायलीस," पिंकी म्हणाली.

दीपिका चादरीची घडी घालत होती.

"तुला वाटायलंय म्या सोनूला न्हाई म्हणलं."

घडी चुकली. दीपिकानं ती मोडली आणि पुन्हा टोकाला टोक लावू लागली. आपलं मन इतक्या दिवसांत ज्याच्याभोवती फिरत होतं ते या पोरीनं असं भाकरी मोडावी तसं मोडून पुढ्यात ठेवलं होतं.

"म्या गोपाळला न्हाई म्हणलं," पिंकी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "लय रडून म्हणलं. सोनूला कोण न्हाई म्हणायलंय? ती तर हाय."

दीपिका खाटेच्या कडेला बसली. सोनू जिभेचं टोक बाहेर काढून कागदाला घडी घालत होती, आणि मग पिंकीनं नाक पुसलं, सोनूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्या बायका बोलतात त्या सुरात म्हणाली,

"हिला मातर नात्यात न्हाई द्यायची, ताई. लांब द्यायची. लय लांब."

दीपिकानं चमकून बघितलं. सोनूला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत सोनू आणि लग्न हे दोन शब्द एका वाक्यात कुणी उच्चारले नव्हते. आत्यानं नाही, मल्हारनं नाही, तिनं स्वतः मनातसुद्धा नाही. सोनूचं पुढचं म्हणजे पुढची पुडी, पुढची तारीख, फार तर पुढचा उन्हाळा, त्यापलीकडे बघायचं नाही असं कुणी न सांगताच ठरून गेलं होतं.

"तूच जा लांब," सोनू कागदावरून मान वर न करता म्हणाली.

पिंकी हसली. दीपिकालाही हसू आलं, आणि ते थांबेना, पोटात दुखेपर्यंत ती हसली, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. तिला काय सांगणार? कुठलंतरी अनोळखी गाव, कुणाचंतरी अनोळखी अंगण, आणि त्यात मोठी झालेली सोनू, डोक्याला रुमाल, कमरेवर हात, त्या परक्या लोकांशी तोऱ्यात भांडत असलेली, हे दीपिकाला स्पष्ट दिसत होतं. आणि ती सोनूच्याच बाजूनं होती.